लॅम्बोर्गिनी एस्पाडा की मासेराती इंडी?

पत्र:

स. न. वि. वि.

मी मूळचा पुण्याचा, गेली बरीच वर्षं स्टुटगार्टमध्ये नोकरी करतो. जुनी इटालियन गाडी घ्यायची इच्छा कॉलेजपासूनची आहे आणि आता मुलांची शिक्षणं मार्गी लागत असल्यामुळे ती पुरी करता येईल असं वाटतंय. घरात आम्ही चौघं, त्यामुळे चार जागांची गाडी हवी. शोधता शोधता दोन गाड्यांवर आलो आहे. पहिली लॅम्बोर्गिनी एस्पाडा, दुसऱ्या मालिकेतली, 1971 ची. नुकताच रंग दिलाय, दिसते झकास, मागणी 95,000 युरो. जुनी बिलं मात्र जवळजवळ नाहीत. दुसरी मासेराती इंडी, 4.7 लिटरची, 1972 ची, मूळ रंगातली. रंग जागोजागी विटलाय, कातडी सीटांना भेगा आहेत, पण सर्व्हिसच्या वह्या आणि बिलांचं जाड बाड आहे. मागणी 68,000. माझ्याकडे सगळं मिळून 1,10,000 युरो आहेत. मेहुणे म्हणतात, "लॅम्बोर्गिनी घे, नाव विकलं जातं." बायकोचा प्रश्न वेगळाच आहे: "मला चालवता येईल का?" आणि पुढे निवृत्तीनंतर गाडी पुण्याला नेता येईल का, हेही कळवावं.

आपला, एक वाचक

उत्तर:

नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आनंद झाला, कारण तुम्ही निवडलेली जोडी फार कमी लोकांच्या नजरेत भरते. एस्पाडा म्हटलं की लोकांना मिउरा आठवते, इंडी म्हटलं की घिबली. त्या दोन जागांच्या देखण्या बहिणींनी सगळा मान नेला आणि चार माणसांना घेऊन आल्प्स ओलांडणाऱ्या या दोघी मागे राहिल्या. तुमच्या बजेटात त्या बसतात त्या यामुळेच.

निकाल आधीच सांगतो. तुम्ही इंडी घ्या. गाडी म्हणून, कल्पना म्हणून विचाराल तर मला स्वतःला एस्पाडा जास्त आवडते. तरीही तुम्ही पाहिलेली ती एस्पाडा घेऊ नका. आता यातलं एकेक सविस्तर.

एस्पाडा 1968 च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. डिझाइन बेर्तोने या गाड्यांच्या बॉडी घडवणाऱ्या कारखान्यातल्या मार्चेल्लो गांदिनीचं, म्हणजे मिउरा काढणाऱ्या माणसाचंच. आदल्या वर्षी त्याने मार्झाल नावाची काचेच्या दारांची एक प्रदर्शनी गाडी केली होती. मोनॅकोच्या राजपुत्र रेनिएने ती 1967 च्या ग्रां प्रीच्या वेळी ग्रेस केलीला शेजारी बसवून फिरवली होती. एस्पाडाची मुळं तिथे आहेत. लांबी पावणेपाच मीटरच्या आसपास आणि उंची जेमतेम 1.18 मीटर! उभं राहून पाहिलं तर छप्पर तुमच्या छातीपर्यंतही येत नाही, आणि तरी मागे दोन मोठी माणसं खरोखर बसतात. पाय मोकळे ठेवून, डोकं छताला न लागता बसतात. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण "टू प्लस टू" (पुढे दोन, मागे दोन) म्हणून विकल्या गेलेल्या बहुतेक गाड्यांत मागची जागा दप्तर ठेवण्यापुरती असते. बोनेटखाली चार लिटरला थोडं कमी, म्हणजे 3,929 सीसीचं बारा सिलिंडरचं इंजिन. त्याचा मूळ आराखडा जोत्तो बिझ्झारिनीचा, गाडीसाठी ते घडवलं जानपाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तान्झानी या तरुण इंजिनिअरांनी. पहिल्या मालिकेत 325 अश्वशक्ती, तुम्ही पाहिलेल्या दुसऱ्या मालिकेत 350. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. दहा वर्षांत साधारण बाराशे गाड्या झाल्या आणि 1978 मध्ये उत्पादन थांबलं.

इंडीची गोष्ट शांत आहे. 1969 मध्ये बाजारात आली, आकार व्हिन्यालेच्या कारखान्यासाठी जोव्हान्नी मिकेलोत्तीने दिला. नाव इंडियानापोलिसवरून, कारण 1939 आणि 1940 अशी लागोपाठ दोन वर्षं विल्बर शॉने तिथली 500 मैलांची शर्यत मासेरातीत बसून जिंकली होती. इंजिन आठ सिलिंडरचं, चार कॅमशाफ्टचं, आणि त्याचं घराणं थेट शर्यतीच्या 450एस गाडीपर्यंत जातं. मासेरातीचा इंजिनिअर जूल्यो आल्फिएरी याने त्याच घराण्याचं इंजिन आधी इराणच्या शाहसाठी केलेल्या 5000 जीटीत घातलं होतं. तुमच्या 4.7 लिटरच्या गाडीला 290 अश्वशक्ती आहे. मागचा आक्सल मात्र अखंड, खाली पाटे, म्हणजे आपल्या जुन्या अॅम्बेसेडरसारखीच मांडणी. सगळ्या मिळून 1,104 इंडी झाल्या. 1975 मध्ये मासेरातीची तेव्हाची मालक असलेल्या फ्रेंच सित्रोएन कंपनीने मासेरातीतून अंग काढून घेतलं आणि इंडीचंही उत्पादन त्याच वर्षी संपलं.

कागदावर पाहिलं तर एस्पाडा जिंकते. जास्त सिलिंडर, जास्त ताकद, चांगलं सस्पेन्शन, मागे जास्त जागा. आवाजाचं तर विचारू नका. साडेचार हजार फेऱ्यांच्या वर सहा वेबर कार्बोरेटर मोकळे होतात तेव्हा जो स्वर लागतो, तो ऐकलेला माणूस पुढे आयुष्यभर तेच बोलत राहतो. मेहुण्यांचं मत मी उडवून लावत नाही. एस्पाडाच्या किमती इंडीपेक्षा वर आहेत आणि त्या तशाच राहतील असं मलाही वाटतं.

पण तुम्ही बाजारातली सरासरी एस्पाडा विकत घेणार नाही. तुम्ही ती एक गाडी घेणार आहात, जिला ताजा रंग आहे आणि जिचे कागद नाहीत. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माझा हात आखडतो.

या गाड्यांचे पत्रे साठ-सत्तरच्या दशकातले. गंजरोधक लेप जवळजवळ नव्हताच, आणि पोकळ भागांत पाणी साठलं तर बाहेर पडायला वाट नसे. गंज आतून येतो. दाराखालचे सिल, चाकांवरच्या कमानींच्या आतल्या कडा, समोरच्या काचेची खालची चौकट, डिकीचा तळ, दारांच्या खालच्या कडा, ही त्याची ठरलेली ठिकाणं. बाहेरून फोड दिसेपर्यंत आतला पत्रा चाळण झालेला असतो. अशा गाडीला विकण्याआधी रंग देणं म्हणजे बहुतेक वेळा फोड दाबून टाकणं. विकणारा लबाडच असेल असं मी म्हणत नाही. पण प्रामाणिकपणे नीट काम केलेला माणूस उघडा पत्रा, कापलेला भाग, नवी वेल्डिंग, प्रायमर, असे फोटो काढून ठेवतो, कारण त्या फोटोंनीच गाडीची किंमत वाढते हे त्याला ठाऊक असतं. इथे फोटो नाहीत, बिल नाही.

तुम्ही स्वतः तपासायला जाल तेव्हा लोहचुंबक नेण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. न्या, पण त्यावर विसंबू नका. बेर्तोने आणि व्हिन्याले यांचे कारागीर कारखान्यातच सांध्यांवर शिसं ओतून घासून घेत. शिशावरही चुंबक चिकटत नाही आणि पुट्टीवरही नाही. त्यापेक्षा रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र घ्या आणि आकडे कसे बदलतात ते पाहा. छप्पर, बोनेट, दाराचा मधला भाग इथे दीडशे-दोनशे-तीनशे मायक्रॉन येत असतील आणि सिलवर, कमानीवर एकदम हजार-दीड हजार, तर तिथे खाली काय आहे हे विचारायची पाळी आली. मग गाडी रॅम्पवर घ्या. खालून बोथट स्क्रूड्रायव्हरने दाबून पाहा. चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला दबतो किंवा भुसा सोडतो. विकणारा "रॅम्प आज मोकळा नाही" म्हणाला तर दुसरी तारीख घ्या.

आता पैशांकडे. एस्पाडा 95,000 ला घेतली की तुमच्या हातात 15,000 उरतात. बारा सिलिंडर, चार कॅमशाफ्ट, चोवीस व्हॉल्व्ह, सहा कार्बोरेटर. हे इंजिन उघडून नीट बांधायचं म्हटलं तर जवळजवळ अर्ध्या गाडीचे पैसे सहज लागतात, आणि ते काम जाणणारे लोक युरोपातही मोजकेच, त्यांच्याकडे नंबर लावून थांबावं लागतं. सिलचा पत्रा बदलायचा ठरला की रंग परत द्यावा लागणार, काचा उतरवाव्या लागणार, आतलं कातडं काढावं लागणार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असं व्हायला वेळ लागत नाही. इंडी 68,000 ला घेतली तर 42,000 शिल्लक राहतात. त्यातून ब्रेक, रबरी नळ्या, टायर, पाट्यांचे बुश, रेडिएटरची साफसफाई हे पहिल्याच हिवाळ्यात उरकता येईल आणि तरीही मोठ्या खर्चासाठी गाठीला काही राहील. सत्तरीतली इटालियन गाडी घेणाऱ्याकडे खरेदीनंतर किमतीच्या एक चतुर्थांश तरी रक्कम मोकळी हवी, असं मी सगळ्यांना सांगतो. तुमच्या इंडीच्या हिशेबात ती आहे, एस्पाडाच्या हिशेबात नाही.

विटलेल्या रंगाची तुम्हाला खंत वाटते हे पत्रातून जाणवतं. मला तर तीच जमेची बाजू वाटते. पन्नास वर्षांचा मूळ रंग लपवाछपवी करू देत नाही. फोड असेल तर दिसतो, ठोकर लागली असेल तर रंगाच्या छटेत फरक दिसतो. सीटांच्या भेगांना घाबरू नका. जुन्या कातड्याला मऊ करून, भेगा भरून, रंगवून देणारे कारागीर जर्मनीत चांगले आहेत. कातडं बदलून नवं कोरं करून घेऊ नका. मूळ कातडं एकदाच मिळतं, आणि पुढे विकायची वेळ आली तर त्याचेच पैसे येतील.

इंडीतही खाचखळगे आहेत, ते सांगायला हवेत. गंज तिलाही लागतो, एस्पाडाइतकाच. तिची बॉडी आणि खालचा सांगाडा एकमेकांना जोडलेले असल्यामुळे दुरुस्ती सोपी नाही. इंजिनाचा ठोकळा आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे. मधल्या काळात कुणी रेडिएटरमध्ये नुसतं नळाचं पाणी भरून वर्षानुवर्षं ठेवलं असेल तर आतून धातू खाल्ला जातो. बिलांच्या बाडात कूलंट बदलल्याच्या नोंदी शोधा; तो कंटाळवाणा कागद इथे सोन्याचा आहे. मागचा अखंड आक्सल खराब रस्त्यावर उड्या मारतो, वळणात खड्डा आला तर मागचा भाग किंचित सरकतो. सवय होते. शेवटच्या काळातल्या काही इंडींना सित्रोएनची उच्च दाबाची हायड्रॉलिक ब्रेकप्रणाली बसवलेली होती, आणि ती सांभाळणं हे स्वतंत्र शास्त्र आहे. तुमच्या 4.7 ला साधे डिस्क ब्रेक असायला हवेत, पण पाहून खात्री करा. पाच गिअरचा झेडएफ गिअरबॉक्स असेल तर उत्तम, तो टणक आहे. बोर्ग-वॉर्नर ऑटोमॅटिक असेल तर गाडीचा जीव थोडा जातो, आणि किंमतही कमी व्हायला हवी. तुम्ही कळवलं नाहीत, तेवढं बघा.

सुट्या भागांबद्दल एक. दोन्ही कंपन्यांकडे आज जुन्या गाड्यांसाठी विभाग आहेत. लॅम्बोर्गिनीचा पोलो स्तोरिको 2015 पासून आहे, मासेरातीचा क्लासिके त्यानंतर आला. चासी क्रमांक देऊन मूळ रंग, मूळ इंजिन क्रमांक यांची विचारणा तिथे करता येते. यांत्रिक भाग मिळतात किंवा करून घेता येतात. अडतं ते काचा, क्रोमच्या पट्ट्या, डॅशबोर्डचे तुकडे, दारांची हँडल अशा गोष्टींशी. त्यातल्या त्यात गंमत म्हणजे तुम्ही पाहिलेल्या एस्पाडाचे मागचे दिवे फियाट 124 स्पोर्ट कूपेचे आहेत, ते अजून मिळतात. पण मागच्या उभ्या काचेला तडा गेला तर महिनोन्महिने शोधावं लागेल. म्हणून अशी गाडी पाहताना इंजिनाच्या आधी काचा आणि दिवे मोजा. इंडीच्या वर येणाऱ्या पुढच्या दिव्यांची यंत्रणा चार-पाच वेळा चालवून पाहा, दोन्ही एकाच वेगाने वर यायला हवेत.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे, कारण मला तो तुमच्या सगळ्या प्रश्नांत महत्त्वाचा वाटतो. घरातल्या दुसऱ्या माणसाला जी गाडी चालवता येत नाही ती हळूहळू गॅरेजमध्येच राहते. दोन्ही गाड्यांचा क्लच जड आहे. स्टिअरिंग पॉवरचं आहे की नाही हे त्या त्या गाडीत बसून पाहायला हवं. एस्पाडात ते तिसऱ्या मालिकेपासून सरसकट आलं, त्याआधी मागवलं तरच मिळे. एस्पाडातून मागचं चांगलं दिसतं, त्या उभ्या काचेमुळे, पण नाकाचं टोक कुठे संपतं याचा अंदाज येत नाही. इंडी रुंदीला जरा कमी आहे आणि कमी फेऱ्यांवरही ओढते. आठ सिलिंडरच्या त्या इंजिनाला तिसऱ्या गिअरमध्ये शहरातून न कुरकुरता नेता येतं. वहिनींना घेऊन जा, अर्धा तास त्यांना विक्रेत्याशेजारी बसवून चालवू द्या आणि तुम्ही मागे बसा. मागे बसल्यावर मुलांच्या जागेचाही अंदाज येईल. मुलं उंच असतील तर इंडीत लांबच्या प्रवासाला ती कुरकुर करतील, हे मान्य करूनच पुढे जा.

उन्हाळ्याचं एक लक्षात असू द्या. ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधल्या गोटहार्डच्या बोगद्यासमोर तास-तासाची रांग लागते. एस्पाडाचं इंजिन अशा रांगेत तापतं, आणि ती उष्णता आत पायांपर्यंत येते. इंडी यात जरा बरी, पण तिच्याही रेडिएटरचे पंखे तपासून घ्या. बोगदा सोडून जुन्या घाटरस्त्याने गेलात तर गाडीलाही वारा मिळेल आणि तुम्हालाही. पलीकडे इटलीत मोदेनाजवळ पानिनी कुटुंबाच्या चीजच्या शेतावर जुन्या मासेरातींचा संग्रह आहे, तो मुलांना दाखवाच. तिथून सांत'आगाताचा लॅम्बोर्गिनी कारखाना जवळच आहे.

जर्मनीतल्या कागदपत्रांत अडचण नाही. दोन्ही गाड्या तिशीच्या कधीच पुढे गेल्या आहेत, त्यामुळे ऐतिहासिक गाड्यांची एच नंबरप्लेट मिळू शकते. वार्षिक कर सरसकट 191.73 युरो आणि शहरांतल्या पर्यावरण क्षेत्रांत शिरायला मोकळीक. त्यासाठी तपासणीत गाडी मूळ स्वरूपात आणि जपलेल्या अवस्थेत असल्याचं सिद्ध करावं लागतं. विमा घेताना जाणकाराकडून किंमत ठरवून घ्या. तिथे अवस्थेला 1 ते 5 अशा श्रेणी देतात, 1 म्हणजे सर्वांत उत्तम. विक्रेता "दोन" म्हणत असेल तर त्याचा लेखी अहवाल मागा, आणि अहवाल त्याने रंग देण्याआधीचा आहे की नंतरचा हे तारखेवरून पाहा. पेट्रोल इथेनॉल कमी असलेलं, 98 ऑक्टेनचं टाका.

पुण्याचं मात्र मी तुम्हाला मनापासून नको म्हणतो. भारतात 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 पासून स्वतंत्र नोंदणी आहे, व्हीए अक्षरांची नंबरप्लेट मिळते. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच परवानगी. आयातीच्या अटी आणि कर हा वेगळा डोंगर, त्यासाठी सीमाशुल्काचं काम करणाऱ्या एजंटाचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय एक पाऊलही टाकू नका. त्यात चार महिने पावसाची दमट हवा, पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल जे जुन्या रबराला आणि कार्बोरेटरला मानवत नाही, आणि या इंजिनांवर हात बसलेला मेकॅनिक मिळणं कठीण. निवृत्तीनंतर पुण्याला याल तेव्हा तिथली एखादी जुनी फियाट 1100 घ्या. तिचे भाग, तिचे मेकॅनिक, तिची माया करणारी माणसं अजून शहरात आहेत. इंडी तेव्हा युरोपातच विका, तिथे तिला गिऱ्हाईक मिळेल.

मेहुण्यांना सांगा की एस्पाडाचं दार मी कायमचं बंद केलेलं नाही. बिलांसकट, फोटोंसकट, एकाच घरात दीर्घकाळ राहिलेली दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालिकेतली एस्पाडा तुमच्यासमोर आली आणि तेव्हा तुमच्याकडे दीड लाख युरोंची तयारी असेल, तर मला परत लिहा. मी आनंदाने "घ्या" म्हणेन.

आता इंडी पाहायला दुसऱ्यांदा जाल तेव्हा टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांहून जुने असतील तर नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी पाचही बदलायचे आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागायचे. सर्व सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि गळतीची चाचणी तुमच्या माणसाकडून, तुमच्या खर्चाने करून घ्या. आणि विक्रेत्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा की इंजिन थंड हवं, तुम्ही पोचल्यावरच चालू करायचं. पोचल्याबरोबर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्या दिवशी पैशांचं बोलू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी परत या.